बाच्या पहाऱ्यातली झोप

फाल्गुन लागला की आमच्या हट्ट्याच्या शिवारात हळद शिजायला लागते. परभणीहून येणारी एसटी गावाच्या अलीकडच्या वळणावर आली, की आधी वास येतो आणि मग गाव दिसतं. डब्यातल्या हळदपुडीचा तो वास नव्हे. वाफेचा, ओल्या मातीचा, जळणाऱ्या कापसाच्या पऱ्हाटीचा, जरासा कडवट असा तो असतो आणि कपड्यांत आठ-आठ दिवस राहतो. माझं विमानं उडवणं संपून आता काही वर्षं झाली. या दिवसांत मी मुंबईहून निघतो आणि पंधरा दिवस इथं येऊन राहतो. किसनभाऊ, माझा थोरला भाऊ, आता स्वतः हात लावत नाही; बाजेवर बसून मजुरांना सांगत असतो. मी त्याच्या शेजारी बसतो. दुपारी वाळत घातलेल्या हळकुंडांवर ऊन पडतं, खळं पिवळं दिसायला लागतं, आणि मला ते एक वर्ष आठवतं. त्या वर्षी बानं मेंढरं विकली आणि माझी झोप गेली.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मी लांब पल्ल्याची विमानं उडवत होतो. मुंबईहून निघायचं ते मध्ये कुठंही न टेकता पंधरा-सोळा तासांनी अमेरिकेत उतरायचं. गावी आलो की माणसं विचारायची, "इतका येळ एकटाच चालवतोस? झोप न्हाई येत?" मी समजावून सांगायचो. एवढ्या लांबच्या उड्डाणाला आम्ही चौघं वैमानिक असतो. दोघं समोर बसतात, दोघं झोपतात, आणि अर्ध्या वाटेवर पाळी बदलते. विमान उतरवणं ज्यांच्याकडे असतं त्यांना शक्यतो दुसरी झोप मिळते, म्हणजे ते ताजे होऊन उतरवायला बसतात. ऐकणाऱ्याला हे फार शहाणपणाचं वाटायचं, आणि ते आहेही.

झोपायची जागा कॉकपिटच्या मागं, एका अरुंद जिन्यानं वर गेलं की. छत इतकं खाली की उठून बसता येत नाही. रेल्वेच्या वरच्या बर्थसारखी दोन अंथरुणं, मध्ये पडदा, आणि पांघरुणाच्या वरून बांधायचा पट्टा. हवा कोरडी, तासाभरात ओठ फुटल्यासारखे होतात. आधीचा माणूस उठून गेला की आपण आपली चादर घालतो, पण गादीला त्याच्या अंगाची ऊब असते. त्या उबेत पाठ टेकायची आणि घड्याळाकडे बघायचं. साडेचार तास. एवढ्या वेळात झोपायचं असतं. कागदावर त्याला विश्रांती म्हणतात आणि ती सक्तीची असते. झोप मात्र कागदानं येत नाही. मी पट्टा बांधून पडायचो आणि इंजिनांची घरघर पाठीच्या कण्यातून जाताना मोजत बसायचो.

उतरल्यावरचं एकटेपण निराळं. सोळा तास खांद्याला खांदा लावून बसलेली आम्ही माणसं हॉटेलच्या लिफ्टमध्ये एकमेकांना "भेटू" म्हणायचो आणि दोन-दोन दिवस भेटायचो नाही. कोण कधी झोपलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून कुणी कुणाचं दार वाजवायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. खोलीत शिरलं की आधी खिडकी. पडदे कितीही जाड असले तरी दोन पडद्यांच्या मध्ये फट राहते आणि तिच्यातून दिवसाची उभी रेघ नेमकी उशीवर येते. कपाटातल्या पॅन्टच्या हँगरला चिमटे असतात. त्यांनी पडदे जोडायचे, हे मला एका जुन्या कॅप्टननं शिकवलं होतं. दाराच्या खालच्या फटीला टॉवेल लावायचा. टीव्हीच्या लाल टिपक्यावर टोपी ठेवायची. भर सकाळी असा अंधार तयार करून मी पडायचो. बाहेर अनोळखी शहर कामाला निघालेलं असायचं. सफाईवाल्या बायांची गाडी गालिच्यावरून जायची, पलीकडच्या खोलीत कुणीतरी खोकायचं. मी पोट भरण्यासाठी दुपारी चारला नाश्ता करायचो आणि पहाटे तीनला जेवायचो, दोन्ही वेळा एकटाच. वेटर विचारायचा, "एकच जण?" मी मान हलवायचो.

घरी फोन करायचा तर माझी बायको मीना तिच्या शाळेत शिकवत असायची, नाहीतर ती आणि मुलगी झोपलेल्या असायच्या. मग मी किसनभाऊच्या मोबाइलवर फोन लावायचो आणि बाला द्यायला सांगायचो.

"कुठं हाईस?" बा विचारायचा.

"अमेरिकेत."

"तिथं काय हाय आता?"

"सकाळ."

"इथं दिवा लागून राहिला. जेवलास का?"

"जेवलो."

"बरं. ठेवतो."

एवढंच. बाला फोनवर बोलता यायचं नाही. आमचं बोलणं कमीच होतं, तेही पहिल्यापासून. माझ्या लहानपणी दिवाळी झाली की बा मेंढरं घेऊन निघायचा तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. कधी गोदावरीच्या काठानं, कधी पूर्णेच्या, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. वर्षातले सात महिने तो घरी नसायचा. मी दहाव्या वर्षी सैनिकी शाळेत गेलो, तिथून हवाई दलात. तेव्हा आमचा जिल्हाही परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. नव्वदच्या सुरुवातीला मी मालवाहू विमान उडवायला लागलो, त्याच सुमाराला माय गेली. मग दहा वर्षांनी एअरलाइनमध्ये आलो. घर सोडून राहणारी आम्ही दोन माणसं एका घरात जन्मलो होतो. किसनभाऊ तेवढा घरी राहिला, त्यानं शेती धरली, आणि पुढं सगळ्यांसारखी हळद लावली.

त्या हिवाळ्यात माझी झोप बिघडली. कारण असं काही नव्हतं. दिल्ली, मुंबई, अमेरिका, परत, दोन दिवस घर, पुन्हा निघायचं. अंगाला कळेना की रात्र कुठली. हॉटेलात डोळे टक्क उघडे, आणि घरी मीनानं जेवायला वाढलं की ताटावर मान पडायची. मी कुणाला सांगितलं नाही. वैमानिक झोप येत नाही असं सांगत नाही. सांगितलं की डॉक्टर येतो, डॉक्टर आला की कागद येतो, आणि कागद आला की उडणं थांबतं. त्या वर्षी माझं नाव इतरांना शिकवणाऱ्या कॅप्टनांच्या यादीत लागायचं होतं. तीन महिने मी सगळ्यांना मस्त झोप झाली म्हणून सांगत होतो.

परतीचं उड्डाण होतं. दुसरी झोप माझी होती. बर्थवर साडेचार तास पडून मी जेमतेम अर्धा तास डोळा लावला असेल. खाली आलो. माझ्या शेजारी शर्वरी होती, फर्स्ट ऑफिसर, नागपूरची, तिशीची, कामाला फार नेटकी.

"झोप झाली का सर?" तिनं विचारलं.

"मस्त," मी म्हणालो.

सूर्य समोरून वर येत होता. आम्ही काचेला झापड लावलं, तरी ऊन खालून छातीवर येत होतं. थंडीत सकाळी भिंतीला टेकून बसल्यावर येतं तसं ऊन. खाली डोंगर होते, आकाश स्वच्छ, यंत्रं आपली आपण विमान नेत होती. मला एवढंच आठवतं.

"सर."

मी डोळे उघडले. शर्वरी माझ्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"मी तीनदा हाक मारली, सर. कंट्रोलचा कॉल आला होता, मी उत्तर दिलं."

"किती वेळ?"

"सात-आठ मिनिटं. मला वाटलं तुम्ही बाहेर बघताय."

झालं काहीच नव्हतं. तेल जेवढं असायला हवं तेवढं होतं, रस्ता सरळ होता. आमच्या कामात थकवा आला तर शेजाऱ्याला सांगून, त्याच्या हाती सगळं देऊन, थोडा वेळ डोळे मिटायचीही रीत आहे. मला झोप येतेय, एवढं म्हणायचं असतं. मी ते म्हटलं नव्हतं. उलट मस्त म्हटलं होतं.

बराच वेळ आम्ही कामापुरतंच बोललो. मग खाली समुद्र दिसायला लागला तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "सर, मी कुणाला सांगणार नाही. पण पुढच्या वेळी तुमच्या शेजारचाही झोपला असेल तर?"

मुंबईला उतरलो. दाराशी उभं राहून उतरणाऱ्यांना नमस्कार केला. एक म्हातारे गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार छान आणलंत." तो हात मला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी किसनभाऊचा फोन आला. "बानं मेंढरं इकली," तो म्हणाला. "समदी. मला इचारलं बी न्हाई. आता आखाड्यावर बसून राहतो नुसता. तू ये."

शेतातल्या वस्तीला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दोन खोल्या, एक गोठा, विहीर, कडुनिंब. मी दहा दिवसांची रजा काढली आणि गेलो. मीनाला म्हणालो, बाला बघून येतो. खरं म्हणजे मी पळून आलो होतो.

आखाड्यावर धांदल होती. हळद खणून काढलेली, मजूर बाया गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसलेल्या. मोठ्या लोखंडी कढईत हळद शिजत होती, वरून ओली पोती टाकलेली, आणि पोत्यांच्या कडेनं वाफ निघत होती. सुमनवैनी, किसनभाऊची बायको, मधूनच एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसून बघायची. काडी सहज गेली की झालं. तिनं मला कोऱ्या चहाचा कप दिला आणि हातानंच गोठ्यापलीकडे दाखवलं.

तिथं बा बसला होता. मेंढरं कोंडायचं जाळं, आम्ही त्याला वाघूर म्हणतो, ते गुंडाळून शेजारी ठेवलेलं. समोर मोकळी जमीन, लेंड्यांनी काळी पडलेली. मी पाया पडलो. "आलास," तो म्हणाला, आणि सरकून जागा दिली.

"काहून विकली बा?"

"गुडघा धरतो," तो म्हणाला. त्याचा हात गुंडाळलेल्या जाळ्यावर होता.

किसनभाऊचा राग वेगळाच होता. "वीस वर्सं त्याला सांगून राहिलो, इका मेंढरं, घरी ऱ्हावा. तवा ऐकलं न्हाई. आता मी चारायला माणूस ठेवला, तर इकून टाकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, बा भाकर बांधून, काठी घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून निघाला. माळाच्या वाटेनं, मेंढरं न्यायचा तीच वाट. दिवस कलल्यावर परत आला. वैनी हळूच म्हणाली, "रोज जातात. कुनी काई म्हनत न्हाई."

मला तिथंही झोप नव्हती. बाजेवर पडून राहायचो. शेजारच्या बाजेवर बा मधूनच उठून बसायचा, गोठ्याच्या दिशेनं कान लावायचा, आणि मग तिकडं काही नाही हे आठवून पुन्हा आडवा व्हायचा. आम्ही दोघंही जागे आहोत हे दोघांना माहीत होतं. बोलायचं कुणी नाही.

चौथ्या दिवशी मी त्याच्याबरोबर माळावर गेलो. तो मेंढरांच्या चालीनं चालत होता. थांबत, बाजूला बघत, पुन्हा चालत. एका बाभळीखाली बसून आम्ही भाकर खाल्ली. लांब वसमतच्या बाजूला कुणाच्या तरी कढईचा धूर सरळ वर चालला होता.

"काहून झोपत न्हाईस तू?" बानं विचारलं.

"झोपतो की."

"न्हाई. चार दिस झाले बघून राहिलो. कसली तकलीफ हाय?"

मी त्याला सांगितलं. मीनाला नव्हतं सांगितलं ते सांगितलं. चार वैमानिक कसे असतात, पाळ्या कशा असतात, वरचा बर्थ, हॉटेलांच्या खोल्या, तीन महिने, आणि ती सात-आठ मिनिटं. बाला विमानाच्या आतलं काही ठाऊक नव्हतं, पण पाळीनं झोपणं त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मेंढरांबरोबर असताना त्यानं आयुष्यभर तेच केलं होतं.

"मागं माणसं किती व्हती?" त्यानं विचारलं.

"तीनशे."

"त्यास्नी ठावं हाय?"

"नाही."

"तुज्या सायबाला?"

"नाही."

बानं उरलेली भाकर फडक्यात बांधली, काठी उचलली आणि उठला. मला वाटलं होतं, तो पाठीवरून हात फिरवेल, असू दे म्हणेल. मी बेचाळीस वर्षांचा होतो तरी तसं वाटलं होतं. तो पुढं चालत गेला आणि आखाड्यापर्यंत मागं वळून बघितलं नाही.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी समोर आलो की उठून जायचा. माळावर जाणंही त्यानं बंद केलं होतं. वैनीनं विचारलं, "काय बोल्लात भावजी तुमी त्यास्नी?" मी काही नाही म्हणालो. हळद उपसायला, पोती ओढायला मी किसनभाऊच्या हाताखाली लागलो. हात कोपरापर्यंत पिवळे झाले. बाया हसायच्या, इमानवाला हळदीला लागला म्हणायच्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण इतक्या माणसांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. परदेशातल्या खोलीत माणूस एकटा असतो ते समजण्यासारखं. इथं बाप दहा हातांवर बसलेला होता आणि त्याला माझं तोंड बघायचं नव्हतं. आणि त्याचं चुकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलेलं. सकाळपासून हळद वाळत घालून माझी पाठ गेली होती. कडुनिंबाखाली टेकलो. बा आला. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं खाली अंथरली, पायानं नीट केली.

"पड इथं."

"नको, बा. काम आहे."

"पड. मी हाय इथं."

मी पडलो. घोंगडीला मेंढरांचा वास होता, धुरकट, तुपकट. बा माझ्या उशाशी काठी आडवी घेऊन बसला, जसा रानात बसायचा. मला त्याची पाठ दिसत होती, विटकं धोतर, पागोट्याचं टोक. तो खळ्याकडे बघत होता. मी ती पाठ बघत राहिलो, आणि पुढचं मला माहीत नाही.

उठलो तेव्हा दिवस मावळतीला होता. आधी कळेना मी कुठं आहे. मी झाडाखाली नव्हतोच. गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत होतो, चांगला पंधरा-वीस पावलं लांब. वैनी हसत म्हणाली, "सावली सरकली की मामंजी तुमास्नी घोंगडीसकट वढायचे. तीनदा वढलं. तुमाला पत्ता न्हाई." किसनभाऊ मात्र वैतागलेला. पाच तास बानं कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नव्हतं. बायांना खळ्याच्या पार पलीकडे बसवलं होतं आणि हळद घासायचा ड्रम बंद ठेवला होता. "एक माणूस झोपला म्हून अख्खा आखाडा थांबीवला," किसनभाऊ म्हणाला.

बा तिथंच होता. त्यानं मला तांब्याभर पाणी दिलं. मी तोंड धुतलं.

"आता जा अन् सांग," तो म्हणाला.

"सांगितलं तर उडवू देणार नाहीत."

"मंग नको उडू."

त्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली, पुसली. मग खाली बघत म्हणाला, "गुडघा न्हाई माजा. माजा डोळा लागाया लागला व्हता. पौषात दोन बार लागला. दोन कोकरं नेली लांडग्यानं, एका मेंढीचं नरडं फोडलं. मी दोन हातावर व्हतो अन् मला जाग न्हाई. किसनला म्हनलं, कुत्रं आलं व्हतं." त्यानं रेघ पुन्हा ओढली. "मला त्यांच्याबिगर करमत न्हाई, तरी बी इकली. मेंढरं व्हती ती. तुज्या मागं तर माणसं हाईत."

मग तो हळदीवर पोती टाकायला उठला. मी त्याच्याबरोबर गेलो. दोघांनी मिळून खळं झाकलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "उद्याच्याला जातोस का?" मी म्हणालो, "जातो."

मुंबईला आल्यावर मी आधी मीनाला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तीन महिने तू माझ्या शेजारी जागा होतास आणि मला सांगितलं नाहीस." त्यात राग होता की दुःख, मला आजही नीट कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी सगळं लिहून दिलं. ती सात-आठ मिनिटंही लिहिली, मस्त म्हणालो होतो तेही लिहिलं. साहेबानं कागद दोनदा वाचला. "हे कुणी कळवलं नव्हतं, मग कशाला लिहिलंत?" त्यानं विचारलं. शर्वरीनं पाहिलं होतं, मी म्हणालो.

साडेचार महिने मी जमिनीवर होतो. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शिकवणाऱ्यांच्या यादीत माझ्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं. काही जण कँटीनमध्ये नजर चुकवायचे. लागट आजार झालेल्यापासून दूर राहावं तसे. दोघं-तिघं मात्र एकेकटे गाठून दबक्या आवाजात विचारायचे, झोपेचं काय केलंस? मी डॉक्टरचं नाव द्यायचो. शर्वरीचा एक मेसेज आला: "धन्यवाद, सर." मी तो बरेच दिवस ठेवला होता. मी रोज एकाच वेळी झोपायला शिकलो, मुलीबरोबर सकाळी जेवायला शिकलो, आणि हळूहळू झोप परत आली. पुन्हा उडायला लागलो तेव्हा पहिल्याच लांबच्या उड्डाणात, अंधाऱ्या समुद्रावर, मी शेजारच्या मुलाला म्हणालो, "मला झोप येतेय. वीस मिनिटं तू बघ." तो चपापला, मग म्हणाला, "बघतो, सर." इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर बा फोनवर जेवलास का विचारेनासा झाला. "झोपलास का?" विचारायचा. मी मुक्कामावर झोपून उठलो की आधी त्याला फोन करायचा, असं ठरूनच गेलं. माझी सकाळ असो की दुपार, त्याची रात्र असो की पहाट. "झोपलो," मी म्हणायचो. "किती?" "सहा तास." "बरं. ठेवतो." बा पुन्हा कधी माळावर गेला नाही. खळ्यावर बसायचा, हळदीवर कोंबड्या येऊ द्यायचा नाही. मेंढरांचं नाव काढायचा नाही. मी विचारलंही नाही.

पुढं दोन वर्षांनी, दसऱ्याच्या आसपास, मी अमेरिकेत उतरलो. तिथं सकाळ होती. खोली अंधारी केली, झोपलो, आणि उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नेहमीसारखा फोन लावला. इकडं मध्यरात्र उलटून गेलेली. पहिल्याच घंटीला किसनभाऊनं उचलला.

"झोप झाली का, दत्ता?" त्यानं विचारलं. त्यानं हे आधी कधी विचारलं नव्हतं.

"झाली. बाला दे."

"बराबर झाली?"

"हो, भाऊ. काहून?"

"बा गेला," तो म्हणाला.

"कधी?"

"दिवस मावळल्यावर. थोड्या येळानं."

मी हिशेब केला. मी पडदे जोडून आडवा झालो त्यानंतरची ती वेळ होती. सात तास होऊन गेले होते. "भाऊ, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

किसनभाऊ शांतपणे बोलला. "त्यानंच सांगितलं व्हतं. सांजच्याला छातीत दुखाया लागलं. वसमतला न्यायला गाडी आणली, तर म्हनला थांब. दत्ता कुठं हाय, म्हनला. मी म्हनलं, उतरला असंल अमेरिकेत. तर म्हनला, मंग झोपला असंल. उठवू नको त्याला. उठला की सांग." मग म्हणाला, "म्हून बसलो फोन घेऊन. समदे बसलेत."

सकाळी नेलं पाहिजे, तो म्हणाला, थांबायचं का? मी येईपर्यंत दोन दिवस गेले असते. थांबू नका, मी म्हणालो.

त्याच दिवशी मला परत पाठवायची सोय झाली. मी प्रवासी म्हणून विमानात बसलो, साध्या कपड्यांत, खिडकीशी. उड्डाण स्थिर झाल्यावर त्या विमानाचा कॅप्टन स्वतः मागं आला. तो मला ओळखत होता. वाकून म्हणाला, "वरचा एक बर्थ रिकामा करून देतो. जाऊन झोपा."

मी नको म्हणालो. आजूबाजूला सगळी माणसं झोपलेली होती, पांघरुणं हनुवटीपर्यंत ओढून, तोंडं उघडी टाकून. एका बाईच्या मांडीवरचं लेकरू खाली घसरत होतं, ते मी नीट केलं. मुंबई येईपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. बासाठी तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.